आखणीच्या दिवसांतला हिंग

पेणला आमचा गणपतींचा छोटा कारखाना आहे. रंगकामाला घरातल्या सगळ्यांचे हात लागतात, पण डोळ्यांची आखणी फक्त आमचे हे करतात. सासऱ्यांनी ती त्यांनाच शिकवली. माझ्याकडे दागिने, सोंडेवरची नक्षी आणि ह्यांचं पोट.

पोटाचं काय सांगू! वर्षभर वडखळ नाक्यावरची झणझणीत मिसळ पचवणारा हा माणूस, आखणीच्या पाटावर बसला की मुरडा सुरू. मग मी ओवा भाजून मिठाबरोबर द्यायचा, वर कोमट पाणी, बेंबीभोवती हिंगाचा लेप. डॉक्टरांनी कळ थांबवायची गोळी देऊन ठेवली आहे, तिचा गुणही चटकन येतो. पण ती घेतली की ह्यांच्या तोंडाला कोरड पडते आणि काही तास जवळचं धूसर दिसतं. म्हणून आखणीच्या दिवसांत गोळी डबीतच. देवाची नजर तिरपी झाली तर गिऱ्हाईक एक वेळ सोडेल, मी सोडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक.

गेल्या वर्षी मात्र ओव्याने आणि हिंगाने हात टेकले. रोह्याचे एक काका दुपारी मूर्ती न्यायला यायचे होते. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडचाच गणपती जातो. सगळं झालं होतं, डोळे तेवढे राहिले होते, आणि हे पोट धरून दुमडलेले. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, गोळी द्या.

"नको गो. मग डोलं कोन आखील?"

"आधी माणूस, मग मूर्ती," म्हणत मी गोळी तोंडात घातलीच.

कळ ओसरली. ह्यांनी ब्रश उचलला, मूर्तीकडे पाहिलं, डोळे चोळले आणि ब्रश माझ्यापुढे धरला.

"धड दिसत नाय. तूच आख."

"मला नाय जमायचं!"

"इतकी वर्सं बाजूला बसून बघतेस ना? आख गो."

माझी पाचावर धारण बसली. पण वरच्या पापणीची रेघ ओढली आणि ती एका दमात नीट उतरली. मग बुबुळं, मग भुवया. तोवर काका दारात. ते मूर्तीसमोर वाकून डोळे निरखू लागले. मी उगाच हिंगाची वाटी विसळत होते.

"यंदा बाप्पा आपल्याकडे बघून हसतोय," काका म्हणाले. "तुमचा हात बदललाय काय?"

"हात हिचा हाय," हे म्हणाले. मला इतका आनंद झाला की काकांना चहा विचारायचंही राहिलं.

यंदा आखणीच्या पहिल्याच सकाळी हे पाटावर बसले आणि लगेच पोटावर हात ठेवून उठले. "कळ आली गो. आज तूच आख." नुकतंच वालाचं बिरडं आणि भाकरी चापून झाली होती, चेहऱ्यावर कळेचा मागमूस नव्हता. तरी मी हिंग कालवून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांच्या पाटावर जाऊन बसले.