तळघरात बाबा

बाबांना इटली दाखवायची फार हौस होती मला. पण तीन महिन्यांसाठी अमेरिकेत आलेल्या माणसाला इटलीला कुठे नेणार? म्हणून कॅलिफोर्नियातली एक वायनरी शोधून काढली. तिथे डोंगरावर हुबेहूब इटलीतला किल्ला बांधलाय. दगडी कमानी, मनोरा, भिंतीभर चित्रं, खाली तळघरात वाइन. बारा जणांचा ग्रुप आणि सोबत गाइड. मी राहते त्या बेलव्ह्यूहून विमानानं गेलो. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे, डायबिटीस जुना. सकाळची शुगरची गोळी मी स्वतः त्यांच्या हातावर ठेवली, त्यांना ब्रेकफास्टला पुढे पाठवलं आणि मी केस वाळवत बसले.

चित्रांच्या दालनात स्वारी खुशीत होती. गाइड म्हणाली, हे रंग ओल्या गिलाव्यावरच भरतात, वाळला की संपलं. बाबांची सगळी नोकरी बांधकाम खात्यातली. त्यांनी भिंतीला हात लावून बघितला, गाइडनं डोळे वटारले. "एक नंबर काम आहे गं," म्हणाले.

तळघराच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. हात घामानं चिंब. खाली स्वेटर घालावा इतकी थंडी, आणि यांच्या कपाळावरून धारा. पिंपांच्या रांगेशी ते थांबले, डोलायला लागले, आणि आईला हाक मारली. आईला जाऊन चार वर्षं झालीत.

ग्रुपमधला एकजण हसून म्हणाला, अंकलना वाइन चढली वाटतं. बाकीचेही हसले. अरे, कसली वाइन! या माणसानं जन्मात थेंब घेतलेला नाही. मघाशी वर चाखायला दिली तेव्हाही नुसता वास घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला होता. "ही इज डायबेटिक!" मी जोरानं ओरडले. गाइड ज्यूस आणायला वर पळाली. मी फोन काढला तर रेंज नाही. बाबा माझ्या हातांतून खाली घसरत होते. मला वाटलं, संपलं. या परक्या दगडांत मी माझ्या बापाला घालवलं.

पर्समधलं चॉकलेट त्यांच्या ओठांशी नेलं तर त्यांनी तोंड घट्ट मिटलं. "चतुर्थी," एवढंच पुटपुटले.

म्हणजे गोळी घेऊन सकाळपासून उपाशी! आणि सांगितलं का नाही, हे विचारायचं तोंड मला नव्हतं. गेल्या महिन्यात मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो, तिथे यांनी उपास म्हणून पानाला हात लावला नव्हता. घरी येताना गाडीत मी वाट्टेल ते बोलले होते. "पुन्हा असला तमाशा केलात ना, तर कुठेही नेणार नाही तुम्हाला." मी अशीच आहे. जीभ आधी, डोकं नंतर.

गाइड धापा टाकत आली. "बाबा, द्राक्षाचा रस आहे. उपासाला चालतो," मी रडत म्हणाले. ते घोट घोट प्यायले. किती वेळ गेला देव जाणे. हळूहळू घाम थांबला, नजर ठिकाणावर आली. त्यांनी भोवती जमलेली माणसं पाहिली, मग मला पाहिलं, आणि घाईघाईनं उठून बसायला लागले.

"काही नाही झालं मला," ते म्हणाले. "रागावू नकोस. पुढच्या वेळी नेशील ना गं?"