मोळीवाल्याच्या बायकोचं म्हणणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून मला साधी विडीसुद्धा कधी लपवता आली नाही.

ऐंशीच्या दशकात मी पालघरच्या कोर्टात कारकून होतो. वारली बोली येते म्हणून दुभाष्याचं कामही माझ्याच गळ्यात. त्याचा मला ताठा होता, खोटं कशाला बोलू? साक्षीदार दहा मिनिटं बोलला की मी त्याचं एका ओळीत कोर्टाचं मराठी करायचो. साहेब खूश असायचे.

त्या दिवशी एका टेम्पोवाल्याला शिक्षा द्यायची होती. उत्तरेकडचा तरुण, बोईसरच्या कारखान्यांचा माल न्यायचा. कुंभवलीजवळ लाकडाची मोळी घेऊन चाललेला एक माणूस त्याच्या टेम्पोखाली गेला होता. गुन्हा शाबीत झालेला. साहेब नवे, नागपूरकडचे. म्हणाले, कायद्याचं बंधन नाही, पण शिक्षा ठरवण्याआधी मयताच्या बायकोचं म्हणणं मला ऐकायचंय.

ती माझ्या टेबलाला खेटून उभी राहिली. अगदी हळू बोलली – माझ्याकडेच बघत.

"याला लय सजा नको. माझ्या मानसाला हा एकटा उचलीत होता. एक सायकलवाला आला, मी हात जोडलं. त्यानं बघलं नि गेला. मंग यानंच पाठीवर घेतला, दवाखान्यात नेला."

साक्षीत हे आलंच नव्हतं. तिला कुणी विचारलं होतं? गाडीचा वेग विचारला, तेवढाच तिनं सांगितला.

तो सायकलवाला – मी होतो. थंडीची सकाळ, डोक्याला मफलर. थांबलो तर साक्षीदार होणार, हे मला तिथेच कळलं. आणि साक्षीदाराचे हेलपाटे माझ्याइतके कुणी बघितलेत? मी पेडल मारलं.

सायकल वगळून बाकीचं सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. पण साहेबांनी 'का' विचारलं असतं, तर ती पुन्हा बोलली असती. चोराच्या मनात चांदणं. तिनं मला ओळखलं होतं का – तेही मला अजून ठाऊक नाही.

मी उभा राहून म्हणालो, "कायद्याप्रमाणे शिक्षा व्हावी, असं तिचं म्हणणं आहे, साहेब."

वकील पुढच्या केसच्या कागदांत बुडालेले. साहेबांनी मान हलवली. सौम्य शिक्षेचा विचार होता, म्हणाले, पण बाईंचं म्हणणं पाहता... दीड वर्ष सक्तमजुरी. पोरगा मान खाली घालून रडला.

बाहेर व्हरांड्यात ती माझी वाट बघत होती.

"कमी केली ना सायबानं?"

"हो," मी म्हणालो. "केली."

तिनं मला हात जोडले. दुसऱ्यांदा.