खिशातली दुसरी पिन

"सापडली की नाही तेवढं बोला. नसेल सापडली तर तसं सांगा, मी काही गिळत नाही तुम्हाला."

"सापडली, मास्तर. लाल पट्ट्याच्या खुर्चीची मागची साखळी. वरच्या बोल्टात पिन नव्हती. नवी घातली."

"टोकं कशाने वळवली?"

"पकडीने."

"मग ठीक. मागे एक जण बोटांनी वळवायचा. आता भाजी विकतो. चांगली विकतो, पण पाळण्यापाशी मी त्याला उभा केला नसता."

लिफ्टवाली हसली. आधी ती इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त करायची, म्हणून हे नाव. तिच्यासोबतचा गॅरेजवाला तोंड पाडून उभा होता, कारण तपासताना त्याच खुर्चीवरून तो दोनदा पुढे गेला होता. करमणूक बागेतले पाळणे सांभाळायचं काम शिकायला ही दोघं आलेली, आणि शिकवणारे ते खोडीमास्तर.

नाव त्यांना उगाच नव्हतं पडलं. बाग उघडायच्या आधी म्हातारा एकटा शिडीवर चढायचा आणि कुठेतरी खोडी करून ठेवायचा. कधी बोल्ट ढिला, कधी पिन गायब. ती शिकाऊंनी हुडकायची. फळ्यावर चित्रं काढून शिकवलेलं अंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून जातं, असं त्यांचं ठाम मत. काढलेली पिन खिशात जायची. खोडी सापडून दुरुस्त झाली की ती पिन सगळ्यांसमोर तोडून टाकायची आणि मास्तरांनी मोठ्याने म्हणायचं, "खिसा रिकामा." ते कानावर पडल्याशिवाय पाळणा चालवणारा बटणाला बोट लावत नसे.

साखळीचा पाळणा म्हणजे उंच खांब, त्यावर छत्रीसारखं चाक आणि चाकाला टांगलेल्या खुर्च्या. फिरायला लागला की माणसं फेकल्यासारखी बाहेर उडतात. पिन म्हणजे बोल्टाच्या भोकातली वाकवलेली तार, दिसायला क्षुल्लक. ती नसली की नट फिरत फिरत सुटतो. पुढचं सांगायला नको.

मास्तरांनी खिशातून पिन काढली, तोडली आणि सवयीने पुन्हा खिसा चाचपला. तळाशी आणखी एक पिन होती.

धुतलेला शर्ट आजच अंगात घातला होता. सूनबाई शर्ट पाण्यात टाकायच्या आधी खिसे उलटे करते, म्हणजे ही कालची नाही. बोटाला ताजं ग्रीस लागलं. आजचीच. पण काढली कुठून? लाल पट्ट्याची खुर्ची लख्ख आठवत होती. मग पाळणा चालवणारा खालून चहाचं विचारायला आला, ते आठवत होतं. त्याच्या पुढे पाटी कोरी.

"मास्तर, म्हणा की," पाळणेवाला म्हणाला. "फाटकाबाहेर लोक आलेत."

आठवत नाही, एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटल्यावर काय होतं ते मास्तरांना घरी कळलं होतं. दूध गॅसवर ठेवून ते फिरायला गेले, एकदा नाही, बऱ्याचदा. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मुलगा-सून बाहेर पडताना शेगडीच्या कळा काढून पर्समध्ये टाकायची आणि दाराला बाहेरून कडी घालायची. "आबा, तुमच्याच भल्यासाठी हो." आबा मग खिडकीशी बसून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघायचे. दाराच्या बिजागऱ्या त्यांनी चहा निवायच्या आत उतरवल्या असत्या. पण उतरवून जायचं कुठे? बाग सोडली तर त्यांना मास्तर म्हणणारं दुसरं ठिकाण नव्हतं.

मग त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"खोड्या दोन होत्या आज. एक सापडली म्हणून नाचू नका. दुसरी शोधा."

"बघा, मला वाटलंच," गॅरेजवाला खुश झाला. "म्हातारा पक्का आहे." त्याला वाटलं आपल्याला दुसरी संधी दिली. दोघं शिड्या घेऊन पळाले. मास्तर खालून बघत होते, आणि त्यांच्याहून जास्त शोधत होते. हिची मान कुठे थांबते, त्याचा हात कुठे अडतो. कुठेच थांबेना.

तेवढ्यात बागेचे साहेब आले. "काय चाललंय? फाटक उघडलं मी. परीक्षा उद्या घ्या."

"हरलो, मास्तर," गॅरेजवाला शिडीवरूनच म्हणाला. "सांगून टाका आता."

"सांगा की, कुठली ती," साहेब म्हणाले.

लोक येऊन कठड्याला टेकले होते. एका बाईने पोराला पुढे केलं, पोर खुर्चीच्या रंगावरून भांडत होतं, मला निळी, मला निळी. मास्तरांनी निळ्या खुर्चीकडे बघितलं. ती असेल किंवा नसेल.

"मला आठवत नाही," ते म्हणाले.

साहेब हसले. "आता माझी पण परीक्षा का?"

"नाही. पिन माझ्या खिशात आहे. कुठून काढली ते आठवत नाही. पाळणा लावू नका."

लिफ्टवाली शिडीवरून उतरली. साहेबांनी पाळणेवाल्याला खूण केली, कठड्याला साखळी लागली, लोक कुरकुरत दुसरीकडे वळले. मग एकेक खुर्ची उतरवून, कापडाने ग्रीस पुसत, प्रत्येक बोल्ट बघितला. पिन निळ्या खुर्चीची नव्हती. चाकाच्या आतल्या अंगाला, जिथे ग्रीसचा थर बसतो आणि नजर जात नाही, तिथला एक बोल्ट उघडा निघाला. लिफ्टवालीला तो दिसला. नट हाताने फिरत होता.

साहेबांनी मास्तरांना बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, हेच अवघड.

"उद्यापासून खोड्या बंद. शिडी बंद. तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि तोंडाने शिकवा."

"तोंडाने शिकवलेलं राहत नाही."

"राहील तेवढं राहील. आणि घरी कळवावं लागेल मला. तुमच्या मुलाला."

"कळवा."

"वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याच भल्यासाठी आहे."

मास्तरांनी मान हलवली. हे वाक्य त्यांना पाठ होतं, ते काही विसरायला होत नव्हतं. मुलाला कळलं की कडी आता रोजची, हेही त्यांना ठाऊक होतं. साहेबांना चुकीचं म्हणायला जागा नव्हती. मुलालाही नव्हती. कुणीच चुकीचं नव्हतं, म्हणून भांडायलाही कुणी उरलं नव्हतं.

"आजचं काय करू?" त्यांनी विचारलं.

"आज मोठ्या चक्राच्या मोटारीचा पट्टा दाखवायचा होता ना? दाखवा. ती दोघं असतील सोबत."

चक्राखालच्या खोलीत उकाडा होता. गॅरेजवाला मास्तरांकडे बघायचं टाळत होता. लिफ्टवालीने स्टूल पुसून पुढे केलं, मास्तरांनी ते पायाने बाजूला सारलं.

"पट्ट्याला चीर कुठे पडते?"

"वरच्या अंगाला," गॅरेजवाला म्हणाला.

"ती आंधळ्यालाही दिसते. आतून बघायचं. हात नको घालू. आधी काय करायचं?"

"विजेचा खटका पाडायचा."

"मग पाड की. माझं तोंड काय बघतोस?"

त्याने मोठा खटका खाली ओढला. वर रिकाम्याच फिरणाऱ्या चक्राची घरघर थांबली. मास्तर गुडघ्यावर हात टेकवून खाली वाकले.