विहीणभेटीचा मान

२०१२च्या दुष्काळात बिडकीनजवळची मोसंबीची बाग वाळली आणि पुंजाराम व चतुराबाई शहरात, मुकुंदवाडीत, भाड्याच्या खोलीत आले. पुंजाराम एका कारखान्याच्या फाटकावर पहारा देऊ लागले. गावाकडे त्याला ‘कंपनीत आहेत’ असे म्हणत. चतुराबाई दमयंतीताईंच्या फ्लॅटमध्ये पोळ्या करू लागल्या. हे मात्र गावाकडे कुणाला सांगितलेच नव्हते. पुरुषाने दुसऱ्याचे दार राखले तर ती नोकरी. बाईने दुसऱ्याची चूल पेटवली तर घराण्याची पत उतरते. बाग गेली तरी हा भेद त्यांच्यासोबत शहरात आला होता.

पुढे त्यांच्या मुलीची, सुरेखाची, सोयरीक लासूर स्टेशनच्या बागायतदार घरात जमत आली. सुपारी फोडायला पाहुणे खोलीवर आले. चतुराबाई सतरंजीवर होणाऱ्या विहीणबाईंशेजारी, द्वारकाबाईंशेजारी, मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. तेवढ्यात दमयंतीताई केवळ जिव्हाळ्यापोटी, न बोलावता, साडी घेऊन आल्या. वयाने त्या चतुराबाईंच्या लेकीएवढ्या. तरी चतुराबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला. असा पदर सासरच्या वडीलधाऱ्यांसमोरच ओढतात.

द्वारकाबाईंच्या नजरेतून ते सुटले नाही. “ह्या कोन म्हनायच्या? सासू तर दिसत नायत तुमच्या!”

“घरमालकीण आहेत,” सुरेखा घाईने म्हणाली.

दमयंतीताई हसल्या. “मालकीण कसली गं! मावशींच्या पोळ्यांवर तर आमचं घर चालतं.”

“व्हय का? लई चांगलं,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि किंचित सरकून बसल्या.

सोयरीक मोडली नाही; मुलगी त्यांना पसंत होती. फक्त निरोप आला, की लग्नात विहीणभेट आईऐवजी मुलीच्या गावाकडच्या चुलतीने, गोजरबाईंनी, घ्यावी. आमच्यात चार लोक बघत्यात.

“नाय म्हनून कळवतो,” पुंजाराम उसळले.

“कळवा. मंग पोरीलाबी बसवा माझ्याशेजारी, पोळ्या लाटायला.”

मांडवात गोजरबाई आणि द्वारकाबाईंनी एकमेकींना हळदीकुंकू लावले, गळाभेट घेतली, उखाण्यांतून एकमेकींची फिरकी घेतली. चतुराबाई बायकांच्या मागे उभ्या होत्या. दमयंतीताई त्यांना ‘पुढे व्हा’ म्हणून पुनःपुन्हा खुणावत राहिल्या.

पाठवणीच्या वेळी सुरेखा आईच्या पाया पडायला वाकली. चतुराबाईंनी तिचे खांदे धरले, द्वारकाबाईंकडे एकदा पाहिले आणि हलकेच म्हणाल्या, “आधी काकूच्या पड.”

सुरेखा काकूंकडे वळली. ती परत आईकडे वळेतोवर तिला गाडीत बसवायची घाई सुरू झाली होती.