गृहचौकशीच्या दोन भेटी

मी लिहायला बसावे हेच थोडे आगाऊपणाचे आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तंजावरच्या राजांच्या काळापासून आमच्या घरात मराठी बोलली जाते खरी, पण ती उंबरठ्याच्या आत. बाहेर पाऊल टाकले की तमिळ. छापील मराठी मी पुस्तकांतून, उशिरा आणि एकटीने शिकले, त्यामुळे माझी वाक्ये कदाचित नव्या कोऱ्या कापडासारखी ताठ वाटतील. आज पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच काही लिहीत आहे, आणि तेही अशा प्रसंगाविषयी, ज्यात माझी बाजू फारशी चांगली दिसत नाही.

कुंभकोणममधल्या मुलींच्या एका शाळेत मी बावीस वर्षे गणित शिकवले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातले. का, हे आजही मला नीट सांगता येत नाही. परीक्षेत नक्कल करणारी मुलगी आपल्याला चेहऱ्यावरून ओळखू येते, असा एक समज मी वर्षानुवर्षे बाळगून होते. त्याला शास्त्राचा आधार मिळावा, असे वाटले असेल.

घरात या शिक्षणाचे स्वागत बेताचेच झाले. धाकटे दीर पहिल्याच आठवड्यात पानावर बसून म्हणाले, "वहिनी, मी किती वेळा भात मागितला ते आता वहीत लिहून ठेवणार का?" मी म्हटले, "खोटं सांगितलंत तर लिहीन." सगळे हसले. माझे यजमान हसले नाहीत. त्यानंतर फोन वाजला की ते उगाचच सांगू लागले, "ऑफिसातला आहे." पूर्वी कधी सांगत नसत. आणि पूर्वी सांगितले असते, तरी मला त्यात काही वावगे वाटले नसते.

वर्गात बहुतेक मुले विशीतली होती. पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी प्रत्येकाला विचारले, पुढे काय व्हायचे आहे? कोणाला पोलीस उपनिरीक्षकाची परीक्षा द्यायची होती, कोणाला न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जायचे होते. एका मुलीला तुरुंगातील कैद्यांची कल्याण अधिकारी व्हायचे होते, तर एकाला बँकेतले घोटाळे शोधायचे होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "अजून ठरवलं नाही." मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, "टीचर आमच्यावर नजर ठेवायला आल्या असतील." मला त्याचा राग आला नाही, उलट थोडे बरे वाटले.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी माझी नेमणूक एका परिवीक्षा अधिकारी बाईंच्या हाताखाली झाली. हे काम बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाला तुरुंगात पाठवायचे, की हमीपत्रावर घरी ठेवून त्याच्यावर देखरेख करायची, हे ठरवण्याआधी न्यायालय एक अहवाल मागवते. घर कसे आहे, घरची माणसे त्याला सांभाळतील का, शेजारी काय म्हणतात, हे त्या अहवालात असते. बाई निवृत्तीला आलेल्या होत्या, कमी बोलत आणि चष्म्याच्या वरून पाहत.

मला मिळालेले प्रकरण दारासुरम या जवळच्याच, रेशमी साड्या विणणाऱ्या गावातल्या एका विणकराचे होते. वय चाळीसच्या आसपास. ज्या मालकासाठी तो विणत असे, त्याच्या कोठारातून त्याने जरीची दोन रिळे उचलली होती. गुन्हा सिद्ध झाला होता, शिक्षा ठरायची होती. तुरुंगात गेला असता तर मालकाने त्याच्या मागावरचे काम दुसऱ्याला दिले असते, आणि सुटून आल्यावर त्या गल्लीत त्याला ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, कोणी दिला नसता. हे बाईंनी मला आधीच स्पष्ट सांगितले होते. पहिल्या भेटीच्या दिवशी त्यांना न्यायालयात थांबावे लागले, म्हणून त्यांनी पत्र देऊन मला एकटीलाच पुढे पाठवले. "फक्त बघून या," त्या म्हणाल्या.

टाउन बसने गेले. आधी दोन शेजारणींना विचारले. दोघींनीही जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले, "चांगली माणसं आहेत, कुणाच्या अध्यात ना मध्यात." दोन मुलींच्या उत्तरपत्रिकांत एकच चूक सापडावी, तसे मला झाले. मी वहीत लिहिले: पढवलेले असावे.

विणकराच्या घराचे दार उघडेच होते. आत त्याची बायको मागापाशी खाली वाकून बसली होती. मी कोण, कुठून आले, हे सांगितले. तिने मान वर केली नाही.

"नवरा कुठं आहे?"

"बाहेर."

"कधी येईल?"

"येईल."

"त्या रिळांबद्दल तुला आधी माहीत होतं?"

"नंतर या."

मी दारातच उभी होते. आमच्या घरी पोस्टमनलाही पाणी विचारल्यावाचून जाऊ देत नाहीत. इथे बसायलादेखील कोणी सांगितले नाही. पंधरा मिनिटांनी मी परत फिरले. त्याच दुपारी कच्चा अहवाल लिहिला. अक्षर सुंदर आले होते. त्यातली मुख्य ओळ अशी होती: पत्नी नजर चुकवते, प्रश्न टाळते, चोरीची तिला पूर्वकल्पना असण्याची शक्यता वाटते, घरातील देखरेखीवर विसंबता येणार नाही.

बाईंनी तो दोनदा वाचला.

"नजर चुकवते म्हणता. मग ती नजर होती कुठं, टीचर?"

"मागावर."

"आणि हात?"

मला आठवावे लागले. तिच्या बोटांना राख लागलेली होती. डाव्या हातात रेशमाचे धागे होते आणि उजव्या हाताची बोटे सारखी पीळ देत होती.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताणा जोडत होती ती. जुन्या ताण्याच्या प्रत्येक टोकाला नव्याचा एकेक धागा, राख लावून. हजारो धागे असतात. एक चुकला की पुढचे सगळे सरकतात. अशा वेळी घरात कुणी मेलं तरी विणकर मान वर करत नाही. तुमच्या लग्नाची साडी कुठली?"

"दारासुरमचीच असेल."

"असेल," त्या म्हणाल्या, आणि तो अहवाल त्यांनी खणात ठेवून दिला. ते मला फार लागले.

तीन दिवसांनी आम्ही दोघी गेलो. या वेळी चटई आधीच अंथरलेली होती. पेल्यातून पाणी आले, मग कॉफी आली. बायको हसून म्हणाली, "अक्का, त्या दिवशी तुम्ही इतक्या गप्प उभ्या होतात, मला वाटलं माझे धागेच मोजताय." बाई मोठ्याने हसल्या. मीही हसले. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता, विचारल्यावर म्हणाला, "चूक झाली. पुन्हा होणार नाही." बायकोने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. रिळांबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हते. कळल्यावर ती दोन दिवस जेवली नव्हती. नवऱ्याला ती एकट्याने मालकाकडे जाऊ देणार नाही. बाईंना अहवालात जे हवे असते ते सगळे तिने सांगितले, जवळजवळ त्याच क्रमाने.

तेव्हा माझ्या मनात पुन्हा तेच आले. पहिल्या दिवशी माझ्या वहीचा अर्थ तिला ठाऊक नव्हता, आणि ती काही बोलली नाही. आज तो ठाऊक आहे, आणि ती सगळे बोलते आहे. मधल्या तीन दिवसांत तिला कोणी काय सांगितले असेल?

परतताना बसमध्ये मी हे बाईंना विचारले.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला कळत नाही."

"मलाही कळत नाही," बाई म्हणाल्या. "पण पहिल्या वेळी तुम्हाला सगळं कळलं होतं. म्हणून तो अहवाल मी पाठवला नाही."

मी नवा अहवाल लिहिला. जुनी ओळ गाळली, तिच्या जागी दुसऱ्या भेटीतली उत्तरे घातली. शंका लिहिली नाही. शंकेला पुरावा नव्हता, आणि तिच्यामुळे एका माणसाचा माग बंद पडला असता. न्यायालयाने त्याला एक वर्षाच्या देखरेखीवर घरी पाठवले. तो ठरल्या दिवशी बाईंच्या कचेरीत येऊन सही करून जाई, माझ्याकडे पाहून नमस्कार करी. त्या नमस्कारातही मी काहीतरी शोधत राही.

पदवी मिळाली तेव्हा सरकारी नोकरीचे माझे वय केव्हाच उलटून गेले होते. आता एका खाजगी संस्थेसाठी मी नोकरीच्या अर्जदारांची माहिती पडताळते. त्यांच्या दारी जाते, शेजाऱ्यांना विचारते. हल्ली आधी विचारते, "हातात काही काम आहे का? मग नंतर येते." लोक म्हणतात, "नाही नाही, बसा ना." पाणी देतात, हसतात, सगळे काही सांगतात. मी ते स्वच्छ अक्षरात लिहून घेते आणि त्यावर सही करते. त्यातले किती खरे असते, हे मला दारासुरमच्या त्या चटईवर कळले नाही, आणि अजूनही कळत नाही. म्हणून तुम्हालाच विचारते: उद्या तुमच्या दारी अशी एखादी बाई वही घेऊन आली, आणि घरातल्या एका माणसाचे बरेवाईट तुमच्या बोलण्यावर अवलंबून असले, तर तुम्ही तिला खरे सांगाल का?