बहाव्याचा गुलकंद

माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या. पोट साफ होत नसलं की बहाव्याच्या फुलांचा गुलकंद खायचा, हे त्या माहेरून शिकून आलेल्या. सासऱ्यांना तो त्रास कायमचाच. गेल्या मे महिन्यात कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीतला बहावा फुलला, तेव्हा त्यांनी फुलं वेचून खडीसाखरेत मुरवली.

दहाएक दिवसांनी मी कामावरून लवकर आले. सासूबाई सुपात नवी फुलं निवडत होत्या. सहज एक उचललं आणि हात थांबला. बहाव्याच्या पाकळ्या सुट्या असतात. हे फूल खाली नळीसारखं जुळलेलं होतं.

"आई, हे बिट्टीचं आहे."

"छे गं, बहाव्याचंच की. खाली नुसता सडा पडलाय."

बहाव्याला लागूनच बिट्टीचं झाड आहे. तेही पिवळंच आणि मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनच्या भीतीनं त्या दोन वर्षं टाळत होत्या.

"बाबांनी बरणीतला खाल्ला?"

"काल एक चमचा. आज सकाळी दोन."

सासरे आतल्या खोलीत पडून होते. दुपारपासून दोन उलट्या झालेल्या, उन्हानं असेल म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. मी मनगट धरलं. ठोका पडायचा, मग इतका वेळ काहीच नाही, की मीच श्वास रोखून बसायची.

बरणी आणि सुपातली फुलं पिशवीत घातली, रिक्षा केली. फूल बघताच डॉक्टरांनी विचारलं, "बिया नाही ना खाल्ल्या?"

"नाही. फुलंच."

"तरी सांगता येत नाही. हृदयाचे ठोके मंदावलेत. मॉनिटरवर ठेवावं लागेल."

दोन दिवस आयसीयूत ठेवलं. सासूबाई बाकावरून हलल्या नाहीत. पाणीसुद्धा नको म्हणाल्या. एकदाच माझा हात घट्ट धरून पुटपुटल्या, "मी माझ्या हातानं भरवलं गं." आतून मशीनचा आवाज जरा बदलला की आम्ही दोघी एकदम उठायचो.

तिसऱ्या दिवशी ठोके सुधारले. सासूबाई आत गेल्या, पण कॉटपासून लांबच उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी त्यांना जवळ बोलावलं.

"आता तरी डोळे करून घेशील?"

त्यांनी मान हलवली. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं, तेव्हा त्या जराही घाबरल्या नाहीत. घाबरते ती मी. सासरे दुपारी झोपले की अजूनही दारात उभी राहून त्यांची छाती हलतेय का बघते.