ठकीचं वळण

नकाशा खात्यात सगळे त्याला 'फूटपट्टी' म्हणत. तीस वर्षांच्या नोकरीत त्याची एक रेघ कधी इकडची तिकडे झाली नव्हती. शहरातल्या ओढ्याचा नवा नकाशा करायचं निघालं, तेव्हा साहेबांनी काम त्याच्याच गळ्यात मारलं. "जुन्या नकाशावर नुसतं 'ओढा' लिहिलंय. लोक कुठे काय म्हणतात, ते विचारून आणा."

तो उगमापासून निघाला. कौलांच्या कारखान्यामागच्या झऱ्याला 'पाझर' म्हणत. कापड रंगवणाऱ्यांच्या शेडपाशी पाण्याचा रंग रोज वेगळा, म्हणून तिथे 'नटवी'. पुढे मंडईखाली ओढा स्लॅबच्या पोटात शिरायचा. तिथे त्याला नावच नव्हतं.

मंडईपलीकडे मोरीतून बाहेर पडून तो एकदम वळायचा. इथे यायचं फूटपट्टीने आजवर टाळलं होतं. तो पाच वर्षांचा असताना त्याची नऊ वर्षांची थोरली बहीण या ओढ्यात वाहून गेली. सापडलीच नाही. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी काढलं नाही.

वळणावर एक म्हातारी खुर्ची विणत बसली होती.

"आजी, या जागेला काय म्हणता?"

"ठकीचं वळण."

त्याची पेन्सिल थबकली. बहिणीला ठकी फक्त घरात म्हणायचे.

"कोण ठकी?"

"देव जाणे. एक बाई यायची रोज दुपारी. बगलेत शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं. मोरीत वाकून हाक मारायची, 'ठके, चल गं, ताट वाढलंय.' मग कान लावून बसायची. म्हणायची, 'ओ देते बघा.' तेरा वर्षं आली, मग बंद झाली. नाव मात्र चिकटलं."

आई रोज दुपारी शिवलेले कपडे पोचवायला जायची. तो अठरा वर्षांचा असताना ती वारली. घरात ती याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती.

तो मोरीपाशी उतरला. आतून गार, कुबट हवा आली. तो आत वाकला. मग हळूच म्हणाला, "ठके."

आत आवाज घुमला आणि विरला. तो पाठ फिरवणार, तोच आतून काहीतरी आलं. बारीक, लांबलेलं. पाण्याचंही असेल. धडपडत वर येताना त्याच्या चपलेचा अंगठा तुटला.

"ठकी कोण? काही पुरावा?" नव्या नकाशातल्या वळणावर बोट ठेवून साहेबांनी विचारलं.

"माझी बहीण."

साहेबांनी सही केली.

नकाशा छापून आला, त्या दिवशी त्याने बायकोला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, कशा होत्या हो ताई दिसायला?"

त्याने खूप आठवून पाहिलं. चेहरा डोळ्यांपुढे येईना.

"उंच होती," तो म्हणाला.

"नऊ वर्षांची पोर ती. किती उंच असणार?"

"मला खांद्यावर घ्यायची गं," तो म्हणाला, आणि त्याला हुंदका आवरेना.